भाषा चाचणीत नव्हती, निकालात आली

अहवाल एकवीस पानांचा होता. चौथ्या पानावर लिहिलं होतं: मुलाची मुख्य भाषा इंग्रजी, म्हणून सर्व चाचण्या इंग्रजीत घेतल्या. एकोणिसाव्या पानावर, निष्कर्षात: घरी दुसरी भाषा बोलली जात असल्याने शाब्दिक गुण कमी आले असावेत आणि वाचनातली अडचणही त्यातूनच आलेली दिसते, सबब मूल विशेष शिक्षणाला पात्र नाही. मुलाच्या आईने ही दोन पानं जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून फोटो काढला आणि मला व्हॉट्सअॅपवर पाठवला. खाली एकच ओळ: ‘ताई, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी कशी?’

पुढचे चार महिने आम्ही या एका प्रश्नाभोवती फिरत होतो.

मी न्यू जर्सीत रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. वकील नाही, मानसशास्त्रज्ञ नाही. या प्रकरणात मी बैठकांना बसले, कारण मुलाला ओळखणारी कुणीही व्यक्ती पालकांना सोबत आणता येते असं अमेरिकेचा केंद्रीय कायदा म्हणतो. पालकांच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून गाव आणि शाळा गाळली आहे, आकडे थोडे इकडेतिकडे केले आहेत.

मुलगा दुसरीतला, साडेसात वर्षांचा. माझ्या वर्गात तो भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट सांगायचा तेव्हा बाकीची पोरं खाली मांडी घालून बसायची. वाघाचा आवाज वेगळा, म्हातारीचा वेगळा, भोपळ्याचं टुणुक टुणुक वेगळं. गोष्ट संपली की मी सगळ्यांना विचारायची, ‘भोपळामधला भ अजून कुठल्या शब्दात येतो?’ बाकीचे ‘भाकरी’, ‘भाऊ’ ओरडायचे. हा म्हणायचा, ‘म्हातारी’. का, तर ती भोपळ्यात बसली होती. अर्थाने जोडायचा, आवाजाने जोडता यायचं नाही. पाटीवर ‘कमळ’ काढलं तर वर्षभराने क ओळखायचा, पुढच्या रविवारी पुन्हा विसरलेला. मला हे खटकत होतं, पण आठवड्यातून दोन तासांच्या वर्गात अर्धी मुलं अशीच असतात, म्हणून मी गप्प बसले. ही माझी चूक.

इंग्रजी शाळेतली बाई म्हणत होती, मुलगे उशिरा वाचायला लागतात, थांबा. आजी म्हणत होती, याचा बाबाही उशिराच लागला होता वाचायला. आजीचं हे वाक्य लक्षात ठेवा, ते पुढे उपयोगी पडलं.

ऑक्टोबरमध्ये आईने शाळेला लेखी विनंती दिली. तोंडी सांगितलेलं हवेत विरतं, लेखी दिलं की घड्याळ सुरू होतं. न्यू जर्सीत लेखी विनंतीनंतर २० दिवसांत बैठक व्हावी लागते आणि पालकांनी मूल्यमापनाला संमती दिल्यापासून ९० दिवसांत सगळं उरकावं लागतं. शाळेच्या ‘चाइल्ड स्टडी टीम’मध्ये तिघं असतात: मानसशास्त्रज्ञ, अध्ययन-अडचणींच्या तज्ज्ञ शिक्षिका आणि समाजकार्यकर्ती. त्यांनी मुलाला तीन सकाळी वर्गातून बाहेर नेलं. वाचा-भाषा तज्ज्ञाने पाऊण तास वेगळा घेतला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला अहवाल आला, बैठकीच्या अकरा दिवस आधी. किमान दहा दिवस आधी द्यावा असा इथला नियम आहे. बरेच पालक तो बैठकीत पहिल्यांदा उघडतात.

आता आकडे. बुद्धिमापनासाठी ‘विस्क’ची पाचवी आवृत्ती वापरली होती. त्यात १०० ही सरासरी आणि १५ हे प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप. या मुलाचा एकूण गुण ९०. पण एकूण गुण हा पाच वेगवेगळ्या गोष्टींचा मिळून बनतो आणि इथे त्या पाचांचं आपसात अजिबात पटत नव्हतं. नव्या कोड्यात तर्क लावण्याचा गुण १०६, आकृत्या-ठोकळ्यांचा १०९. शाब्दिक आकलन ८१, तात्पुरतं लक्षात ठेवणं ७९. आणि वाचनाच्या वेगळ्या चाचणीत शब्दवाचन ७७.

या स्कूल डिस्ट्रिक्टचं, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचं, सूत्र असं होतं: बुद्धी आणि वाचन यांच्यात दीड प्रमाण विचलनाची, म्हणजे साडेबावीस गुणांची दरी हवी. नव्वदातून सत्याहत्तर गेले, उरले तेरा. दरी पुरेशी नाही, मूल अपात्र. हिशोब बरोबर होता. पण नव्वदाला खाली ओढणारा शाब्दिक गुण ज्या इंग्रजीत मोजला, तीच इंग्रजी त्याची कच्ची आहे असं हाच अहवाल म्हणत होता. मग तो गुण बुद्धीचा कसा धरायचा? आणि तो बाजूला ठेवून तर्काच्या १०६ मधून ७७ वजा केले तर दरी २९ ची होते.

वाचा-भाषा तज्ज्ञाच्या पानावर तर मला हसूच आलं. मूल ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ यांत फरक करत नाही, असा उच्चारदोष नोंदवला होता. आपल्याकडे व एकच. माझ्या नवऱ्याला तीस वर्षं इथे राहून तो फरक जमत नाही आणि तो बँकेत व्यवस्थापक आहे. घरच्या भाषेतून आलेला उच्चार हा फरक, तो दोष नव्हे, हे त्या व्यवसायात पहिल्या वर्षी शिकवतात.

बैठकीला आई, बाबा आणि मी गेलो. बाबाला यायचंच नव्हतं. त्याची भीती निराळी होती: एच-वन-बी व्हिसा, ग्रीन कार्डाची रांग, आणि ‘सरकारी मदत घेतली’ असा शिक्का बसला तर? अशी भीती मी कित्येक घरांत ऐकली आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. सरकारी शाळेतलं विशेष शिक्षण त्या हिशोबात धरलं जात नाही. आणि मुलाचा शाळेतला हक्क पालकांच्या व्हिसावर अवलंबून नाही. कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही शाळा नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच सांगून ठेवलं आहे.

आईने चौथं आणि एकोणिसावं पान समोर ठेवलं. मानसशास्त्रज्ञ बाई शांत होत्या. त्यांनी फाइलमधून एक कागद काढला. शाळाप्रवेशाच्या वेळी भरलेला घरच्या भाषेचा फॉर्म. मूल पहिल्यांदा कोणती भाषा शिकलं? इंग्रजी. घरी जास्त कोणती बोलतं? इंग्रजी. पालक मुलाशी कोणत्या भाषेत बोलतात? इंग्रजी. खाली सही बाबाची.

बाबाचा चेहरा उतरला. तीन वर्षांपूर्वी ऑफिसमधल्या कुणीतरी सांगितलं होतं, मराठी लिहू नकोस, मुलाला वेगळ्या इंग्रजीच्या वर्गात टाकतात. हा सल्ला आपल्या लोकांत प्रसादासारखा वाटला जातो. त्या घरात आजी आहे, मुलगा झोपेत मराठी बरळतो, आणि कागदावर मराठीचा मागमूस नाही.

तिथेच प्रकरण संपलं असतं. पालक ओशाळले की टीम पुढे सरकते. पण फॉर्म चुकला हे मान्य केलं तरी अहवाल सुधारत नव्हता. मूल ज्या भाषेत आणि ज्या पद्धतीने खरं ते दाखवू शकेल त्यात मूल्यमापन करावं, अशी कायद्याची अट आहे. चाचण्या घेताना फॉर्मवर विसंबलात, ठीक. मग अपात्र ठरवताना घरची मराठी कुठून आली? भाषेमुळे अडचण आहे असं म्हणायचं असेल तर ती भाषा मोजावी लागते. मोजली नसेल तर तिचं नाव निष्कर्षात घेता येत नाही.

शेवटी सह्यांचं पान आलं. तिथे प्रत्येकाने निष्कर्ष मान्य की अमान्य ते लिहायचं असतं, अमान्य असेल त्याने वेगळं टिपण जोडायचं. आईने ‘अमान्य’ लिहिलं. हात थरथरत होता. आम्ही शाळेतल्या माणसांना वर मान करून उत्तर न देण्याच्या वळणात वाढलेल्या बायका. पार्किंगमध्ये ती म्हणाली, ‘ताई, उद्धटपणा झाला का हो?’ मी म्हटलं, ‘अगं, त्यांनीच रकाना ठेवलाय.’

त्या आठवड्यात सगळ्यांनी सगळे सल्ले दिले. एक मित्र म्हणाला, सरळ वकील करा. दुसरी म्हणाली, काही हजार डॉलर घाला आणि बाहेरून खासगी तपासणी करून घ्या. तिसऱ्याचं मत, चौकशीच्या भानगडीत न पडता ‘५०४’ मागा: १९७३ च्या कायद्यातल्या त्या कलमाखाली वर्गात जादा वेळ, पुढची बाकं वगैरे सवलती मिळतात. सवलती मिळतात हे खरं, पण ज्याला वाचताच येत नाही त्याला वाचायला जादा वेळ देऊन काय करायचं?

खासगी तपासणीचा मार्ग वाईट नाही. शाळेला तो अहवाल विचारात घ्यावाच लागतो, पण मान्य करावा लागत नाही, आणि आधी खर्च करून बसलं की ते पैसे परत मागणं किचकट होतं. राज्याच्या शिक्षण खात्याकडे तक्रार हा फुकट मार्ग: वर्षभराच्या आतली घटना हवी, ६० दिवसांत निर्णय येतो. नियम मोडला का, मुदत चुकली का, असल्या गोष्टींना तो चांगला. मध्यस्थीही फुकट, दोन्ही बाजू तयार असतील तर. आणि सर्वांत जड हत्यार म्हणजे ‘ड्यू प्रोसेस’ सुनावणी: प्रशासकीय न्यायाधीश, साक्षी, उलटतपासणी.

सुनावणीबद्दल थोडं सांगते, कारण तिच्याच नावाने लोक घाबरतात आणि तिच्याच जोरावर बाकीचे मार्ग चालतात. ती मागणाऱ्याने आपलं म्हणणं सिद्ध करायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये मेरिलंडच्या एका प्रकरणात ठरवलं. न्यू जर्सीच्या विधिमंडळाने २००८ मध्ये आपल्या राज्यापुरतं ते उलटं केलं. इथे पुराव्याचा भार स्कूल डिस्ट्रिक्टवर. जिंकलात तर वकिलाची फी मिळू शकते, पण तज्ज्ञाची फी मिळत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा निकाल. वकील न करता पालक स्वतःच केंद्रीय न्यायालयात उभे राहू शकतात, हा त्याच न्यायालयाचा २००७ चा. एवढं असूनही मी या घराला सुनावणीकडे जाऊ नका म्हटलं. त्या वेळी हातात होतं काय? दोन विसंगत पानं आणि रविवारच्या बाईचं मत. खटला लढायला मुलाबद्दलची माहिती लागते, आणि नेमकी तीच नव्हती. जी माहिती नाही ती आधी मिळवायची, आणि तीही शाळेच्या खर्चाने.

यासाठी केंद्रीय नियमावलीत कलम ३००.५०२ आहे: शाळेच्या मूल्यमापनाशी पालक असहमत असतील तर त्यांना सरकारी खर्चाने स्वतंत्र मूल्यमापन मागता येतं. ते करणारा शाळेचा नोकर नसावा. शाळेला दोनच वाटा उरतात. खर्च द्यायचा, नाहीतर स्वतः सुनावणी मागून आपलं मूल्यमापन योग्य होतं हे सिद्ध करायचं. नुसतं ‘नाही’ म्हणता येत नाही. न्यू जर्सीत यातलं एक २० दिवसांत करावं लागतं. शाळेच्या प्रत्येक मूल्यमापनामागे असं एकदाच मागता येतं, म्हणून जपून वापरायचं.

आईने पहिला मसुदा केला तो चार पानी. त्यात मुलाचा जन्म सातव्या महिन्यातला इथपासून सगळं होतं. मी तो खोडून तीन वाक्यांवर आणला: अमुक तारखेच्या मूल्यमापनाशी आम्ही असहमत आहोत. मानसशास्त्रीय, शैक्षणिक आणि वाचा-भाषा या तिन्हींसाठी सरकारी खर्चाने स्वतंत्र मूल्यमापन मागत आहोत. आपले निकष आणि तज्ज्ञांची यादी कळवावी. ‘पण कारण नको द्यायला?’ शाळा कारण विचारू शकते, ते दिल्याशिवाय पुढे जाणार नाही असं म्हणू शकत नाही. जे कारण लिहाल त्यावरच पुढचे तीन आठवडे वाद होतो, हे मी आधीच्या दोन घरांत पाहिलं होतं.

सोळाव्या दिवशी फोन आला, गोड आवाजात. आम्हीच द्विभाषिक वाचा-भाषा तपासणी करून देतो, तुम्ही ती मागणी मागे घ्या. बाबा लगेच तयार. माणसं एक पाऊल पुढे आली की आपण दोन मागे जायचं, हा आपला शिष्टाचार. आईने ईमेल लिहिला: तपासणी जरूर करा, आभार, आमची मागणी कायम आहे. एकोणिसाव्या दिवशी मंजुरीचं पत्र आलं. मला वाटतं, त्यांच्या वकिलाने ती दोन पानं पाहिली असावीत.

यादीतल्या कुणाला मराठीच काय, हिंदीही येत नव्हती. नियमाप्रमाणे यादीबाहेरचा तज्ज्ञ चालतो, शाळा स्वतःच्या लोकांना लावते ते निकष तो पुरे करत असला म्हणजे झालं. दोन काउंट्या (इथले जिल्हे) पलीकडे एक न्यूरोसायकॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदूच्या अंगाने काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ, मिळाल्या, द्विभाषिक मुलांचं काम केलेल्या. मराठीसाठी त्यांनी दुभाषा घेतला आणि चाचणीपूर्वी अर्धा तास त्याला शिकवण्यात घालवला. मी बाहेरच्या खोलीत होते, दार अर्धवट उघडं होतं. त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या, मूल अडलं तर गप्प बसायचं. दुभाषा भला गृहस्थ, पण आपल्याकडे मूल अडलं की काका ‘अरे, सांग ना, येतं तुला!’ म्हणतातच. दोनदा म्हणाला. दोन्ही प्रश्न बाद झाले.

मराठीतल्या उत्तरांना त्यांनी गुण दिले नाहीत. इंग्रजी चाचणीचं भाषांतर केलं की तिची मापं लागू राहत नाहीत. भारतात मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाची डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचन-अक्षमतेची, चाचणी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत बनवली आहे; मी ती मोठ्या उत्साहाने सुचवली. त्यांनी विचारलं, तिची मापं कोणत्या मुलांवर बसवली आहेत? भारतातल्या शाळांत शिकणाऱ्या. मग हा तिथल्या मुलांच्या रांगेत कसा उभा करायचा? बरोबर होतं. मराठीतलं काम त्यांनी वर्णनाने मांडलं: गोष्ट सांगण्याची रचना, शब्दसंपत्ती, वाक्यं वयाला साजेशी, किंबहुना पुढची, पण शब्दातला पहिला आवाज काढून टाकणं, यमक जुळवणं, हे मराठीतही जमत नाही. इंग्रजीतल्या ध्वनींच्या चाचणीत ७३, अक्षरं भराभर म्हणण्यात ७६. ज्या भाषेत मूल अस्खलित बोलतं त्याही भाषेत आवाज सुटे करता येत नसतील, तर दोष दुसऱ्या भाषेच्या माथी मारता येत नाही. मराठी हीच या प्रकरणातली मुख्य साक्षीदार ठरली.

आणि आजी. त्या बाईंनी घरातल्या सगळ्यांशी बोलायचं म्हटलं, म्हणून आजीला नेलं होतं. कुटुंबात कुणाला वाचनाची अडचण होती का, या प्रश्नावर शाळेच्या फॉर्ममध्ये बाबाने ‘नाही’ लिहिलं होतं. आजीने दुभाष्याकडे न पाहता थेट त्या बाईंना मराठीत सांगितलं, ‘होती की. याला चौथीपर्यंत धड वाचता येत नव्हतं. गुरुजी पट्टीने मारायचे. मग हा धडे ऐकून पाठ करायचा.’ बाबा खिडकीबाहेर बघत होता. तो आज सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि अजूनही लांब ईमेल बायकोला वाचून दाखवायला सांगतो. हे त्याने मला परतीच्या गाडीत सांगितलं.

मेमधली दुसरी बैठक चाळीस मिनिटांत संपली. स्वतंत्र अहवाल शाळेला विचारात घ्यावा लागतोच. पहिल्या बैठकीतल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तो आधीच रंगीत पेनने वाचून आणला होता आणि एकूण गुणाऐवजी तर्काचा गुण धरायला त्यांनीच सुचवलं. माणूस वाईट नव्हता. ज्या फॉर्मवर विसंबल्या तो फॉर्म वाईट होता. मूल ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ या गटात पात्र ठरलं. आयईपीमध्ये, म्हणजे त्या एका मुलासाठी लिहिलेल्या शिक्षण-आराखड्यात, आठवड्यातून चारदा, चाळीस मिनिटं, तीन मुलांच्या गटात ध्वनींपासून पायरीपायरीने शिकवायचं ठरलं. उच्चारदोषाची नोंद काढून टाकली.

सगळं मिळालं नाही. फेब्रुवारी ते मे वाया गेले त्याचे भरपाईचे तास पालकांनी मागितले, शाळेने नकार दिला. मध्यस्थीला गेले. उन्हाळ्यात वीस तासांवर तडजोड झाली, मागितले होते त्याच्या निम्मे. बाबा पुढे लढायला तयार होता, गंमत म्हणजे आता तोच. आई म्हणाली, पुरे. मला वाटतं ती बरोबर होती, जरी तिथे मी खात्रीने बोलू शकत नाही. तीन वर्षांच्या आत पुनर्मूल्यमापन होईलच, आणि तेव्हा पुन्हा असहमत व्हायचा हक्क शाबूत आहे.

ऑगस्टमध्ये धाकटीचा किंडरगार्टनचा प्रवेश होता. मी पुस्तकं द्यायला गेले तेव्हा बाबा टेबलाशी तोच फॉर्म भरत होता. पहिल्या रकान्यात मराठी. दुसऱ्यात मराठी. तिसऱ्यातही मराठी लिहून झाल्यावर तो दुसऱ्यावर परत आला, थोडा वेळ पेन हातात धरून बसला आणि पुढे ‘व इंग्रजी’ असं जोडलं. म्हणाला, ‘आजीशी मराठीत बोलते, पण भावाशी भांडते ती इंग्रजीतच.’